मिलिटरीची

भैरेवाडीत दारू आणि मिलिटरीची या दोन निरनिराळ्या वस्तू होत्या. दारू फाट्यावर सिद्धूशेठच्या दुकानात मिळायची आणि ती पिणाऱ्याला दारुडा म्हणत. मिलिटरीची साताऱ्याच्या फौजी कँटीनमधून यायची, साबण आणि चहापुडीच्या संगतीनं एकाच पिशवीतून, आणि ती पिणाऱ्याला सुभेदारसाहेब म्हणत. दारूनं संसार बुडतो, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. मिलिटरीचीनं सर्दी जाते, हेही ठाऊक होतं. तान्ह्या लेकराची छाती भरली की ती चोळायची, म्हातारीचे गुडघे धरले की ती चोळायची, गाभण म्हैस गारठली की पेंडीतून तिलाही थोडी. म्हैस उठून उभी राहिली तर श्रेय मिलिटरीचीला, नाही राहिली तर म्हशीचं नशीब.

शालूबाईंच्या घरात ती भिंतीतल्या फडताळात उभी असे, तुपाच्या बरणीशेजारी. त्यांचे यजमान सुभेदार केरबा फौजेतून घरी आले तेव्हापासूनची तिची ती जागा. दिवेलागण झाली की केरबा अंघोळ करत, भांग पाडत, स्टीलच्या फुलपात्रातून बेतानं घेत आणि बातम्या संपायच्या आत ताटावर बसत. कधी आवाज चढला नाही, कधी पाय अडखळला नाही. फुलपात्र स्वतः विसळून पालथं घालत. एवढ्या शिस्तीत गावात कुणी देवपूजाही करत नव्हतं.

केरबा गेले, कँटीनचं कार्ड शालूबाईंच्या नावावर झालं आणि कोटा चालू राहिला. शालूबाईंनी जन्मात थेंब चाखला नव्हता. पण सरकार देतंय त्याला नाही म्हणायचं कसं, आणि तेही सुभेदाराच्या घरातून? बाटल्या येत. कुणाच्या सर्दीला, कुणाच्या गुडघ्याला जात. उरलेल्या फडताळात उभ्या राहत.

पोरगा एकुलता एक, धैर्यशील. त्यानं बापासारखं फौजेत जायचं हे त्याच्या बारशालाच ठरलं होतं. तो भरतीला गेला, पुन्हा गेला, वय सरेपर्यंत जात राहिला. धावण्यात पुढं, छातीत पास, उंचीत पास. पण सावधान उभा राहिला की त्याचे दोन्ही गुडघे एकमेकांना टेकायचे. तेवढ्यावरून परत. कुणीतरी सांगितलं म्हणून तो रात्रभर गुडघ्यांत उशी धरून झोपायचा. उशी सपाट झाली, गुडघे काही हटले नाहीत. मग त्यानं ट्रॅक्टर घेतला, कारखान्याला ऊस ओढू लागला. तासगावाकडची अंकिता करून आणली. प्रांजल झाली. सगळं रीतीनं चाललं होतं, फक्त कारखान्याकडून येताना फाटा लागायचा.

आधी तो सणावाराला पिऊन यायचा. मग गावाचे सण वाढले.

एका सकाळी तो उसाच्या पाटात पालथा सापडला. पाणी सोडलेलं होतं, नाक जेमतेम बाहेर. मेंढरं घेऊन चाललेल्या धोंडुबाईनं त्याला काखेत हात घालून ओढून काढलं आणि ओल्या लुगड्यानिशी ती शालूबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा धुळा असाच एका पाटात गेला होता, तेव्हा जवळून कुणी मेंढरं घेऊन गेलं नव्हतं.

"बाई, ह्या खेपंला म्या हुते," धोंडुबाई म्हणाली. "दर खेपंला कोन असंल?"

त्या दिवसापासून शालूबाई दुकानामागे हात धुऊन लागल्या.

दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांनी मतदान करायचं, असा कायदा आहे. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान जातं. जी बाई घरी बसली ती आपोआप सिद्धूशेठच्या बाजूची. म्हणजे बाळंतीण, आजारी, माहेरी गेलेली आणि मेलेली पण यादीतून न निघालेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या. शालूबाईंनी मेलेल्यांना सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. वाडीवस्तीवर फिरल्या. आडवी म्हणजे दुकान आडवं, उभी म्हणजे दुकान उभं, हे ओट्याओट्यावर बसून शिकवलं.

धोंडुबाईला काही ते पटेना. "माजा धुळा जल्मभर आडवाच व्हता. म्या पुन्ना आडव्यालाच शिक्का मारू व्हय?"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. शालूबाई हसल्या नाहीत. त्यांनी घरातून एक रिकामी बाटली आणून धोंडुबाईसमोर उभी केली, मग आडवी केली, मग पुन्हा उभी. बाटली आडवी झाली की माणूस उभा राहतो, असं त्यांनी तिला समजावलं. धोंडुबाईला ते लय आवडलं. मतदानाच्या दिवशी ती शाळेच्या खोलीतून बाहेर आली आणि "मारला गं आडवीला" असं तिनं साऱ्या गुप्त मतदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

दुकान गेलं. गुलाल उधळला, हलगी वाजली. रिटायर हवालदार अमृत, जे केरबांच्याच पलटणीतले, ते मिश्यांना गुलाल लावून नाचले. तालुक्याला शालूबाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लागला. भिंतीवर मोकळी जागा फडताळाच्या वरच होती. खाली तुपाची बरणी होती आणि तिच्याशेजारी एक बाटली उभी होती. पण ती मिलिटरीची होती.

दुकान गेलं तशी धैर्यशीलची सकाळ गेली. उठला की हात थरथरायचे, कपातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर. अंग घामानं भिजायचं. मोटरसायकल काढून तो पुढच्या गावच्या फाट्यावर जाऊ लागला आणि येताना कधी मोटरसायकल पुढं, तो मागं, असा पोचायचा.

अंकिताच्या भावानं सांगलीतल्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर काढून दिला होता. तिथं डॉक्टर असतात, औषध असतं, हळूहळू सुटते, असं तिनं सासूला दोनदा सांगून पाहिलं. शालूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तिथं कोण असतात? दारुडे असतात. मग सुभेदाराचा लेक त्यांच्यात नेऊन बसवायचा? यापुढचं त्या बोलल्या नाहीत, पण ते त्यांच्या मनात होतं. ज्या बाईनं गावाची दारू बंद केली, तिचा मुलगा तिथं दाखल झाला हे पेपरात आलं नाही तरी पाणवठ्यावर येणारच.

आणि औषध तर घरातच होतं.

एका दिवेलागणीला त्यांनी धैर्यशीलला अंघोळीला पाठवलं. भांग पाडायला लावला. केरबांचं फुलपात्र काढून, स्वतःच्या हातानं ओतून, त्याच्या पुढं ठेवलं.

तो आईकडे बघत राहिला.

"बाहीरची घान पिऊ नगंस," त्या म्हणाल्या. "घरात बस, बापावानी. ही शुद्द आस्ती."

त्यानं फुलपात्र उचललं आणि थोड्या वेळानं त्याचे हात थांबले. किती तरी दिवसांनी तो दोन भाकरी खाऊन, तोंड धुऊन, शांत झोपला. शालूबाईंनी भैरोबाला हात जोडले. भैरोबानं काही खुलासा केला नाही.

अंकितानं मात्र केला. भांडी घासता घासता, मान वर न करता ती म्हणाली, "आत्या, तुमी गावातली बाटली आडवी केली आन घरातली उभीच ठिवली."

"ती दारू हुती," शालूबाई म्हणाल्या. "ही..."

"मिलिटरीची हाय. म्हाईत हाय मला."

थोड्या दिवसांनी तिनं प्रांजलची वह्या-पुस्तकं भरली आणि ती तासगावाकडे माहेरी निघाली. उंबऱ्यावर थांबून तिनं एवढंच सांगितलं, की फडताळ रिकामं झालं की फोन करा, मी त्याच दिवशी येते. शालूबाईंना वाटलं, हल्लीच्या पोरींना दम नाही. पोरगा आता कुठं मार्गाला लागतोय, आणि ही चालली.

पोरगा मार्गाला लागलाच होता. सकाळी हात थरथरायचे म्हणून सकाळचं थोडं सुरू झालं, ते औषधाचं. दुपारी जेवण जाईना म्हणून दुपारचं, ते भुकेचं. फुलपात्र काही मोठं झालं नाही. ते आपलं जेवढ्यास तेवढं राहिलं, भरायच्या खेपा तेवढ्या वाढल्या. कोटा पुरेना. तेव्हा अमृत हवालदार आणि गावातले इतर रिटायर लोक मदतीला आले. आपापल्या कोट्यातली एखादी ते पिशवीत साबणाखाली घालून आणत, फडताळात तुपाच्या बरणीशेजारी ठेवत, फोटोकडे बघून मान लववत आणि वहिनींच्या हातचा चहा घेऊन जात. हे तेच लोक, ज्यांच्या मिश्यांतला गुलाल अजून पुरता निघाला नव्हता. कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण कुणी कुणाला दारू देत नव्हतं.

धैर्यशीलचं पोट पुढं आलं. शालूबाईंनी शेजारणीला कौतुकानं सांगितलं की पोराच्या अंगाला लागतंय. मग त्याचे हातपाय काटकुळे झाले आणि पोट तसंच राहिलं. मग डोळे पिवळे झाले. गावानं निदान केलं, कावीळ. शालूबाईंनी त्याच्या गळ्यात काविळीची माळ बांधली, उसाचा रस पाजला, तेल-तिखट तोडलं. सगळं तोडलं, फुलपात्र तेवढं चालू ठेवलं, कारण अशक्तपणा फार होता.

रक्ताची उलटी झाली तेव्हा अमृत हवालदारांनी गाडी काढली आणि मलकापुरातल्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोटाला हात लावला, डोळे पाहिले आणि विचारलं, दारू पितात का?

"आमच्या घरात कुनी दारू पीत न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "गावातलं दुकान मीच बंद पाडलंय."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, निदान त्यांच्या हिशोबी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आदरानं मान हलवली आणि तसं लिहून घेतलं. धैर्यशील छताकडे पाहत होता. तो बोलू शकला असता. पण चार परक्या माणसांत आईला खोटं पाडायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

दवाखान्यात फुलपात्र नव्हतं. दुसरा दिवस कसाबसा गेला आणि तिसऱ्या दिवशी धैर्यशील चादर ओढू लागला. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणाला, त्या पुसू लागला. मग एकाएकी खाटेवर ताठ झाला, टाचा जुळवल्या, हात मांडीला चिकटवले आणि सलाईनच्या खांबाकडे बघून बोलू लागला.

"टेकत न्हाईत, साहेब. बघा. गुडघं टेकत न्हाईत आता."

खरंच टेकत नव्हते. पायांवर मांसच उरलं नव्हतं. नर्स धावत आल्या, त्यांनी त्याला धरलं. शालूबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं, शेजारी स्वतः बसल्या. "मावशी, हे दारू एकदम तुटल्यावर होतं. मला खरं सांगा."

शालूबाईंनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. मग पदर सावरून त्यांनी विचारलं,

"मिलिटरीची धरायची का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कधीपासून, त्यांनी विचारलं. किती. शालूबाईंनी दोन्ही हातांच्या ओंजळीत एक भांडं धरल्यासारखं दाखवलं, आणि मग ते हात पुन्हा पुन्हा भरून दाखवत राहिल्या.

"कोण देत होतं?"

"मीच की. दुसरं कोन देनार त्येला?"

डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलत होत्या. बाटली कुठून आली हे लिव्हरला कळत नाही, असं काहीसं. एकदम बंद झाली की मेंदू बिथरतो. पहिल्या दिवशी कळलं असतं तर त्यावर औषध सुरू करता आलं असतं. इथं त्यांनी शालूबाईंचा चेहरा पाहिला आणि त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तसं लिव्हर आधीच राहिलं नव्हतं, मावशी." या दोन वाक्यांतलं खरं कुठलं आणि दयेपोटी बोललेलं कुठलं, हे शालूबाईंना पुढं कधीच ठरवता आलं नाही.

दोनेक दिवसांनी, ऐन दुपारी, तो गेला. अंकिताला फोन केला तेव्हा फडताळ रिकामं नव्हतं. तरी ती त्याच दिवशी आली.

दहाव्याला सगळे कोयनेच्या काठी जमले. चुलतभावानं पिंड ठेवला. भात, जिलबी, वडापाव, तंबाखूची पुडी, जे जे त्याला आवडायचं ते मांडलं आणि माणसं मागं सरून कावळ्याची वाट बघू लागली. कावीळ लय वाईट, असं एक जण म्हणाला. काविळीला औषधच नाही, दुसरा म्हणाला. समोरच्या करंजावर कावळे भरपूर होते, पण एकही खाली येईना. अंकिताच्या भावानं पुढं होऊन हात जोडले, प्रांजलचं शिक्षण मी करतो म्हणून सांगितलं. कावळे हलले नाहीत. ट्रॅक्टरचं बघतो, म्हशीचं बघतो, आईला अंतर देत नाही, जो तो आपापल्या परीनं सांगून आला. ऊन चढलं. त्याचं काहीतरी राहिलंय, अशी कुजबुज सुरू झाली, आणि काय राहिलंय हे सगळ्यांना कळलं, कारण सगळेच एकदम नदीकडे बघू लागले.

अमृत हवालदार उठले. मोटरसायकलच्या डिकीतून त्यांनी पिशवी काढली, पिशवीतून बाटली. कँटीनची होती, सीलबंद. ते शालूबाईंजवळ येऊन वाकले.

"वहिनी, ठिवू का थोडी? त्येचा जीव आडकला आसंल."

शालूबाईंनी बाटलीकडे पाहिलं. "झाकान काडा," त्या म्हणाल्या.

हवालदारांनी झाकण काढलं. शालूबाई उठल्या, बाटली हातात घेतली, पिंडापासून लांब, पाण्याच्या कडेला गेल्या आणि वाळूत बाटली ठेवली. आडवी. आतलं तांबूस पाणी गळगळत बाहेर आलं, वाळूनं ते पिऊन टाकलं, वाळूला काही झालं नाही. वास तेवढा सुटला. धैर्यशीलच्या खोलीला यायचा तोच.

"कावीळ न्हवती, भावजी," शालूबाई म्हणाल्या. आवाज मतदानाच्या वेळी होता तसाच होता, मागच्या रांगेला ऐकू जाणारा. "दारूनं गेला त्यो. म्या पाजली."

"मिलिटरीची हुती, वहिनी," अमृत हवालदार खाली मान घालून पुटपुटले. त्यांना वाटलं, दुःखात बाईची चूक होतेय.

"दारू हुती. तुमच्या फडताळात बी दारूच हाय."

मागं काठीवर हनुवटी टेकून बसलेली धोंडुबाई उठली, वाळू तुडवत आली आणि शालूबाईंच्या शेजारी बसली. तिनं त्यांचा हात धरला नाही की डोळे पुसले नाहीत. बसली फक्त.

कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. दर्भाच्या कावळ्याला कसली अट नसते.

तेराव्यानंतर अंकितानं फडताळ उघडून पाहिलं. तुपाची बरणी होती. शेजारी नुसता गोल डाग होता, बाटलीच्या बुडाएवढा. ती तो डाग ओल्या फडक्यानं पुसत राहिली, निघाला नाही. प्रांजलची शाळा बुडत होती. आत्या, चला की तिकडं, ती म्हणाली. नंतर येते, शालूबाई म्हणाल्या, आणि दोघींनाही ठाऊक होतं की हे म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. एस.टी. वळेपर्यंत प्रांजल खिडकीतून हात हलवत होती.

घाटावरच्या त्या बोलण्यानंतर भैरेवाडीतली सगळी फडताळं रिकामी झाली, असं म्हणता येणार नाही. अमृत हवालदारांच्या घरातली गेली. बाकीच्यांच्या म्हशींना अजून थंडी वाजते.

पुढच्या महिन्यात शालूबाई साताऱ्याला कँटीनमध्ये गेल्या. साबण संपला होता, चहापूड संपली होती. काउंटरवरचा माणूस जुना, ओळखीचा. त्यानं कार्ड घेतलं, साबण काढला, पूड काढली आणि नेहमीप्रमाणे न विचारताच कोट्याच्या बाटल्या शेजारी मांडल्या. शालूबाईंनी त्या एकेक करून परत सरकवल्या.

"का हो, मावशी? कोटा घेतला न्हाई तर वाया जातो."

"जाऊ दे."

"आता घेऊन ठेवा. घरात कुणाला तरी..."

"आमच्या घरात कुनी दारू पीत न्हाई," शालूबाई म्हणाल्या.

तो बरं म्हणाला आणि त्यानं बाटल्या मागच्या कप्प्यात उभ्या करून ठेवल्या. शालूबाईंनी साबण आणि पूड पिशवीत भरली, पिशवीचं तोंड नीट गुंडाळलं, आणि मागं रांगेत माणसं खोळंबली आहेत असं कुणीतरी म्हणेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.